वापसा बघून टायर

वाळूजच्या ज्या कारखान्यात रत्नमाला सोळा वर्षं कामाला होती, तिथं मोटारसायकलींचे शॉकअप बनायचे. तिचं टेबल स्प्रिंग चढवायच्या अगोदरचं. लाइनीवरून ऑइल भरून आलेला दांडा उचलायचा, एकदा दाबायचा, सोडायचा आणि पुढं सरकवायचा. आत ऑइलमध्ये हवा राहिली असली तर दाबताना बारीकसा 'चुळूक' आवाज यायचा. मशीनच्या गोंगाटात तो दुसऱ्या कुणाला ऐकू जात नसे. रत्नमालाला जायचा. खरं तर तिला तो कानानं कमी आणि मनगटात जास्त कळायचा. लाइनीवरच्या बायका म्हणायच्या, "रत्नाच्या हाताला कान हायेत."

या कानांना कधी शर्यतीचं वेड लागेल असं मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बजाजनगरात दोन खोल्यांचं घर, नवरा बद्रीनाथ कंपनीच्या शिफ्टच्या बसवर ड्रायव्हर, मुलगी नांदेडला नर्सिंगला. वय चव्वेचाळीस. सुट्टीच्या दिवशी कपडे धुवायचे आणि दुपारी ताणून द्यायची, एवढीच चैन.

दिवाळीनंतर टेस्टिंगला अभय नावाचा नवा इंजिनिअर आला. पोरगा हुशार, पण डोकं सदा दुसरीकडं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनमागच्या मोकळ्या जागेत रिमोटची गाडी पळवत होता. ही गाडी जत्रेतली नव्हे. पाटाएवढी लांब, चार फताडी चाकं आणि प्रत्येक चाकाला करंगळीएवढा खरा शॉकअप. वेग असा की कुत्रं मागं लागलं आणि अर्ध्यात दमून बसलं. पण मातीच्या ढिगाऱ्यावरून उडाली की गाडी खाली पडताना तीनदा टणटण उसळायची आणि चौथ्यांदा उलटी व्हायची.

रत्नमाला डबा हातात घेऊन बघत उभी होती. तिला राहवलं नाही.

"सर, ही गाडी हाय का बेडकी?"

अभय ओशाळला. "सेटिंग जमत नाही, ताई. स्प्रिंग बदलून बघितल्या तरी उडतेच."

"बघू द्या इकडं."

तिनं गाडी उचलली, मागचं चाक दोन बोटांनी दाबलं आणि चेहरा असा केला की जणू भाजीत खडा लागला. चुळूक.

"हवा राहिलीय आत. स्प्रिंगला कशाला बोल लावता?"

त्या दिवशी डबा तसाच राहिला. कँटीनच्या पायरीवर बसून रत्नमालानं ते करंगळीएवढे शॉकअप उघडले, थेंब थेंब ऑइल भरलं, दांडा सावकाश वर-खाली केला आणि बुडबुडे वर येईस्तोवर गप्प बसून राहिली. अभयनं मधेच झाकण उचललं तशी तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "घाई केली की हवा आत बसती, अन् मग आपल्याला नाचवती." मग तिनं जाड ऑइलची बाटली मागून घेतली आणि पुढच्या दोन शॉकअपमध्ये ते भरलं. शेवटी गाडी गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली सोडली. गाडी पडली, दबली आणि भिंतीवरून उडी मारलेल्या मांजरीसारखी गप्प बसली. उसळली नाही.

मग अभयनं रिमोट तिच्या हातात दिला.

तिथंच घोळ झाला. रत्नमालानं चाप ओढला, गाडी बाणासारखी सुटली, सायकलींच्या स्टँडखालून गेली, मुकादमाच्या दोन पायांमधून पार झाली आणि भांडी घासायच्या हौदावर जाऊन धडकली. मुकादम ओरडला. रत्नमालाला हसू आवरेना. ती पायरीवर बसली, डोळ्यांतून पाणी आलं, पोटात कळ आली, तरी हसतच राहिली. इतकी ती केव्हा हसली होती, तिला आठवेना.

"सर," दम लागलेल्या आवाजात ती म्हणाली, "अजून एकदा."

अभयचा अशा रिमोटच्या गाड्या पळवणाऱ्यांचा क्लब होता, पण त्याला तेव्हा जागा नव्हती. शहरात जिथं जावं तिथं वॉचमन हाकलून द्यायचा. रत्नमालानं नणंदेचं नाव सुचवलं. नणंद आवडाबाई लासूर स्टेशनला. कापूस निघून गेल्यावर तिचं दोन एकराचं रान पावसाळ्यापर्यंत मोकळंच पडायचं. आवडाबाई पंचावन्नची, उंच, आवाज असा की बांधावरून हाक मारली की स्टेशनावरचा हमाल वळून बघेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "उंचवटे करा, खड्डे करा, काय करायचं ते करा. पेरणीच्या अगोदर रान सपाट करून द्यायचं. नाय दिलं तर एकेकाला वखराला जुंपीन."

क्लबातल्या पोरांनी फावडी घेऊन दोन रविवारांत वळणं काढली, उड्या मारायला टेकाडं रचली, कडेला जुने पाइप टाकले. गाड्या चालवणाऱ्यांना उंचावर उभं राहावं लागतं, म्हणून आवडाबाईनं ट्रॅक्टरची ट्रॉली आणून लावली.

अभयनं आपली जुनी गाडी रत्नमालाला दिली आणि ती दर रविवारी स्कूटीवर पुढ्यात गाडीचा खोका ठेवून लासूरला जायला लागली. कपडे सोमवारी धुवायची. बद्रीनाथ म्हणाला, "मी आठवडाभर गाडी हाकतो म्हणून सुट्टीला झोपतो. अन् तू?" पण दुसऱ्याच रविवारी तोही मागं बसून आला आणि बाजेवर झोपायचं सोडून हाताची घडी घालून बघत बसला.

शॉकअप तिच्या हातात मुरलेले. चालवणं मात्र येत नव्हतं. गाडी दूर जात असेल तोवर ठीक. ती वळून आपल्याकडं तोंड करून यायला लागली की डावं ते उजवं व्हायचं आणि रत्नमाला गाडी थेट पाइपात घालायची. यावर तिनं स्वतःच तोड काढली. गाडी वळली की ट्रॉलीवर आपणही वळायचं, म्हणजे आपलं डावं ते गाडीचं डावं. गाडीकडं पाठ आणि मान मागं मुरडलेली, अशी ती भिंगरीसारखी फिरायची. शेजाऱ्याला कोपर बसायचं, आणि ती "माफ करा, माफ करा" म्हणत पुढचं वळण घ्यायची.

सगळ्यात जास्त कोपरं खाल्ली नानासाहेबांनी. हे सिडकोतले गृहस्थ, हार्डवेअरचं मोठं दुकान, क्लबातले सर्वांत जुने. त्यांचा वेगळा तंबू, घडीची खुर्ची, जमिनीचं तापमान मोजायचं यंत्र आणि कप्प्याकप्प्यांच्या पेटीत टायरांचे बारा जोड. माणूस वाईट नव्हता, पण आपण सांगतो आणि दुनिया ऐकते अशी सवय लागलेली.

"रत्नमालाताई," बरगडी चोळत ते म्हणायचे, "ही शर्यत आहे. फुगडी नाही."

"फुगडीत कोपर लागत नाय, नानासाहेब," रत्नमाला म्हणायची आणि पुन्हा फिरायची.

आवडाबाईला उलटलेल्या गाड्या सरळ करायचं काम दिलं होतं. ते ती मन लावून करायची, जरा जास्तच. गाडी उचलली की पदरानं पुसायची, चाकात अडकलेला कापसाचं धसकट काढायची आणि मग हलकेच मांडायची. ट्रॉलीवरून नानासाहेबांचा जीव टांगणीला. "अहो मावशी, पुसू नका! ठेवा! ठेवा खाली!"

"ठेवते की. घाण चाकानं पळंल का ती?"

होळीनंतरच्या रविवारी क्लबानं मोठी शर्यत ठेवली. बावीस गाड्या. जालन्याहून लोक आले, नगरहून आले. सकाळच्या फेऱ्यांत रानभर नुसता फुफाटा. अशा मोकळ्या धुळीत उंच, विरळ दातांचे टायर लागतात. दात खोल रुततात आणि पकड घेतात. सगळ्यांचे तेच, रत्नमालाचेही तेच. फेऱ्या झाल्या आणि शेवटच्या शर्यतीला निवडलेल्या आठ गाड्यांची नावं भोंग्यावरून पुकारली. पहिले नानासाहेब. दुसरा अभय. आणि आठवं, शेवटचं नाव, "बजाजनगरच्या रत्नमालाताई!"

बाजेवरचा बद्रीनाथ उठून उभा राहिला. रत्नमालानं मागं वळून पाहिलं, दुसरी कुणी रत्नमाला आहे की काय म्हणून.

धूळ फार उडते म्हणून दुपारी जेवणाच्या अगोदर टँकरनं रानावर पाणी मारलं. मग सगळे पिठलं-भाकरीला बसले. दीड तासानं शेवटची शर्यत. जेवून हात धुतले न धुतले तोच बाकीचे सातही जण आपापल्या गाड्यांपाशी पळाले. पाणी मारलंय म्हणजे चिखल, चिखल म्हणजे अजून उंच दात. नानासाहेबांनी पेटीतून सगळ्यात उंच दातांचा जोड काढला. बाकीच्यांनी त्यांच्याकडं बघून काढला.

रत्नमालाही तेच करणार होती. एवढ्यात आवडाबाई रानात गेली, वाकून वाटेवरची मूठभर माती उचलली, आवळली आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडली. ढेकूळ पडलं आणि खुळकन फुटलं.

"वापसा आलाय," ती म्हणाली.

"काय आलाय?" अभयनं विचारलं.

"वापसा रे. माती ओली बी नाय, कोरडी बी नाय. चिकटत नाय, उडत नाय. पेरायला गेलं तर अशी वेळ वर्षात दोनदा गावती." तिनं वाटेवर तळपाय घासून दाखवला. "सकाळपासून तुमच्या चाकांनी चोपली, वर पाणी पडलं, वर हे ऊन. सारवलेल्या अंगणागत झालीय बघ. रत्ना, सारवलेल्या अंगणात तू उंच टाचंची चप्पल घालून पळशील का?"

"नाय आक्का. पाय मुरगळंल."

"मग गाडीला कशाला घालायलीस?"

रत्नमाला जागची हलली नाही. मग एकदम हलली. तिनं खोक्याच्या तळातून बारीक, आखूड दातांचे टायर काढले. जुने, अर्धे झिजलेले, हात फिरवला तर खरखरीत किसणीसारखे लागणारे. पण तिचं डोकं पुढं गेलं होतं. जमीन एवढी धरणार असेल तर वळणावर चाकं घसरणार नाहीत. घसरली नाहीत तर गाडी कलंडणार. म्हणजे गाडी खाली बसवायला हवी. तिनं चारही स्प्रिंगांच्या वरच्या चकत्या दोन-दोन आटे सैल केल्या, तशी गाडी पोटावर बसल्यासारखी झाली. मग पुढचा शॉकअप दाबून बघितला. सकाळी भरलेलं ऑइल उन्हानं पातळ झालं होतं. मे महिन्यात लाइनीवर हेच व्हायचं, सकाळी घट्ट लागणारा माल दुपारी मऊ. तिनं चारही उघडले.

"ताई, पंचवीस मिनिटं राहिलीत!" अभय म्हणाला.

"पुरंल. तुम्ही तुमचं बघा."

अभयनं तिच्याकडं बघितलं, आवडाबाईकडं बघितलं, तंबूत निवांत बसलेल्या नानासाहेबांकडं बघितलं. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत स्वतःचेही टायर सोडवायला लागला.

रत्नमालानं जाड ऑइल भरलं. बुडबुडे वर यायची वाट बघत ती दांडा सावकाश वर-खाली करत राहिली. एक वर आला. दुसरा. तिसरा येतो का नाही? भोंग्यावरून नावं पुकारायला लागले. आला. तिनं झाकण आवळलं आणि गाडी छातीशी धरून पळत सुटली.

ट्रॉलीवर नानासाहेबांनी तिच्या टायरांकडं पाहिलं आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. "ताई, चिखलात हे झिजलेले? आधी विचारायचं तरी."

"वापसा हाय," रत्नमाला म्हणाली. नानासाहेबांना वाटलं, तिला शिंक आली.

शर्यत आठ मिनिटांची. भोंगा वाजला आणि आठ गाड्या गुळाच्या ढेपेवरून उठलेल्या माश्यांसारख्या घोंघावत सुटल्या. पहिल्याच वळणावर जालन्याची गाडी आडवी झाली. मग नगरची. उंच दात त्या चोपलेल्या मातीत असे धरायचे की गाडी वळायच्या ऐवजी चाकावर उभी राहायची आणि कोलांटी खायची. शर्यतीपुरतं आवडाबाईला बाजूला बसवलं होतं, कारण भावजय शर्यतीत होती. सरळ करायला दुसरी पोरं होती आणि ती नुसती पळत होती. एक गाडी मांडेस्तोवर दुसरी उलटी.

रत्नमालाची गाडी मात्र जमिनीला चिकटून, घोरपडीसारखी. वळणावर आत शिरली, सुळकन बाहेर आली. टेकाडावरून उडाली, पडली, दबली, निघाली. टणटण नाही, काही नाही. तिच्या हातात रिमोट होता, पण तिला मनगटात चारही शॉकअप लागत होते. आठवी होती ती सहावी झाली. तिसऱ्या मिनिटाला चौथी.

"अगं पळीव! पळीव!" बांधावरून आवडाबाई.

"ब्रेक कमी लाव!" बद्रीनाथ बाजेवर उभा राहून ओरडत होता. कंपनीच्या बसमध्ये बारा वर्षांत त्यानं कधी आवाज चढवला नव्हता.

रत्नमाला भिंगरीसारखी फिरत होती. डावीकडं कोपर, उजवीकडं कोपर. माणसं आपणहून सरकली आणि ट्रॉलीच्या मधोमध तिला गोल जागा करून दिली. आणि ती हसत होती. हसू आत मावेना, तर ते "हीः हीः" करत तोंडातून गळत होतं. शेजारचा नगरचा पोरगा स्वतः कोलांट्या खात होता, तोही हसायला लागला.

अभय पुढं निघून गेला. त्याचा हात कसलेला, त्यात टायर बरोबर. त्याला कोण धरणार? पण नानासाहेब दुसरे होते आणि त्यांच्या मागं रत्नमाला. नानासाहेबही कच्चे नव्हते. दोनदा उलटून त्यांनी ओळखलं होतं आणि वळणावर ते वेग कमी करून जपून जात होते. वळणावर रत्नमाला त्यांना गाठायची, सरळ वाटेवर ते निसटायचे. असं तीन फेऱ्या चाललं.

"शेवटची फेरी!" भोंगा ओरडला.

शेवटच्या वळणानंतर एक टेकाड, टेकाडापलीकडं सात-आठ हातांवर चुन्याची रेघ. रत्नमाला वळणातून आतल्या बाजूनं शिरली आणि दोन्ही गाड्या एकाच वेळी टेकाडावर चढल्या. तिनं चाप पार आत दाबला. गाडी उडाली. जरा जास्तच उडाली. हवेत तिचं नाक खाली गेलं, शेपूट वर आलं आणि रत्नमालाच्या तोंडून निघालं, "आई गं!"

गाडी पाठीवर पडली. पण पडली ती वेगात. चाकं आभाळाकडं करून, गरगर फिरवत ती त्या चोपलेल्या मातीवरून घसरत निघाली, परातीत टाकलेल्या काकडीसारखी, आणि चुन्याच्या रेघेवरून पलीकडं जाऊन थांबली. वीतभर मागून, चारही चाकांवर, रुबाबात नानासाहेबांची गाडी आली.

सगळ्यांनी माना वळवून भोंग्याकडं पाहिलं.

"उलटी गाडी धरत नाहीत!" नानासाहेब म्हणाले.

भोंगेवाल्या सार्थकनं मोबाइलवर नियम काढले. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. त्यानं दोनदा वाचलं. "गाडीनं रेषा ओलांडली पाहिजे, एवढंच लिहिलंय. सरळ का उलटी, लिहिलेलं नाहीये, नानासाहेब. क्या करें? ताई आगे!"

रत्नमालाला एवढंच ऐकू गेलं. ती ट्रॉलीवरून उडी मारून आवडाबाईच्या गळ्यात पडली. दोघींनी हात धरले आणि मधल्या रानात खरोखरीची फुगडी घातली, पदर कुठं, चपला कुठं. बद्रीनाथ कडेला टाळ्या पिटत होता. अशी चांगली पाच मिनिटं गेली. सांगायचं कसं, म्हणून अभय डोकं खाजवत उभा होता.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "पहिला मी आलो. तुम्ही दुसऱ्या."

रत्नमाला थांबली. तिला डोळ्यांपुढं अजून रान फिरताना दिसत होतं. "व्हय का? मग पहिला येऊन तुम्ही असं तोंड पाडून का उभे? या की!" आणि तिनं त्यालाही फुगडीत ओढलं.

नानासाहेब तंबूत घडीच्या खुर्चीवर बसून पाणी प्यायले. तापमानाचं यंत्र उचलून बघितलं, ठेवलं. मग उठून आवडाबाईपाशी आले.

"मावशी, ते तुम्ही मातीचं काय म्हणालात? वापसा? तो बघायचा कसा?"

आवडाबाईला अजून धाप लागलेली. तिनं त्यांना वाटेवर नेलं, मूठभर माती त्यांच्या गोऱ्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाली, "आवळा. एवढं जोरात नाय, लेकराचा हात धरल्यागत. आता सोडा." नानासाहेबांनी सोडली. ढेकूळ फुटलं. त्यांनी अजून एक मूठ उचलली, मग अजून एक. पांढऱ्या पँटीचे गुडघे काळे झाले, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

बक्षिसं वाटून झाली. ऊन कलायला लागलं. जालना-नगरची मंडळी सामान बांधत असताना आवडाबाई रत्नमालाजवळ येऊन उभी राहिली आणि उगाच पदराशी चाळा करायला लागली.

"काय आक्का?"

"काय नाय. म्हणलं, ते रिमोट जरा बघू. सगळं रान माझं, अन् मीच एवढ्या दिवसांत हात नाय लावला."

रत्नमालानं गाडी सरळ केली, मातीवर ठेवली आणि रिमोट तिच्या हातात दिला. "हा चाप हळू ओढायचा, आक्का. हळू."

आवडाबाईनं उभ्या हयातीत हळू असं काही केलं नव्हतं. गाडी सुटली, टेकाडावरून उडाली, पाइप ओलांडला, बांध ओलांडला आणि शेजारच्या रानात वाळत घातलेल्या कांद्यांच्या ढिगात घुसली. कांदे चहूकडं उडाले. कांद्यांचा मालक विहिरीवरून ओरडला.

"ह्याला थांबवायचं कसं गं!" म्हणत आवडाबाई रिमोट घेऊन गाडीमागं पळायला लागली, तिच्यामागं रत्नमाला, तिच्यामागं अभय आणि बद्रीनाथ आणि काळ्या गुडघ्यांचे नानासाहेब, आणि पळता पळता रत्नमालाला इतकं हसू आलं की बांधावर पोचल्यावर ती खालीच बसली.